जुन्या फायबर बोटीचा डेक तपासताना: हातोडी की मॉइश्चर मीटर?

नाशिकमध्ये राहून जुनी फायबर बोट घ्यायची म्हटली, की ती बहुधा मुंबई, अलिबाग किंवा गोव्याकडून आणावी लागते. पुढचे आयुष्य तिला गंगापूर, दारणा किंवा मुकणे अशा धरणांच्या गोड्या पाण्यात काढायचे असले, तरी मागचे आयुष्य तिने खाऱ्या हवेत आणि कोकणच्या पावसात काढलेले असते. इंजिनाबद्दल आणि तळाबद्दल खरेदीदार आपणहून दहा प्रश्न विचारतो. डेकवर मात्र तो उभा राहतो, दोन पावले चालतो आणि समाधान मानतो; पुढे सर्वांत जास्त मजुरी मागणारे काम पुष्कळदा त्याच दोन पावलांखाली दडलेले असते. हे काम घेण्यापूर्वीच ओळखायचे असेल, तर सामान्य खरेदीदाराच्या हाती दोन साधने आहेत. एक म्हणजे ठोकून आवाज ऐकण्यासाठी छोटी प्लास्टिकच्या डोक्याची हातोडी आणि दुसरे म्हणजे ओलावा मोजणारा मॉइश्चर मीटर. मी दोन्ही वापरली आहेत आणि माझी बोट निवडताना शेवटी ज्यावर विसंबलो ते का, हे पुढे मांडले आहे. इतरांचा अनुभव वेगळा असू शकतो.

डेक म्हणजे फायबरचे दोन पातळ थर आणि त्यांच्यामध्ये प्लाय, बाल्सा (एक हलके लाकूड) किंवा फोमचा गाभा, हे वाचकाला ठाऊक आहे असे धरून चालतो. पाणी आत शिरते ते सपाट भागातून नव्हे, तर क्लीट (दोर बांधायची खुंटी), रेलिंगचे पाय, खुर्चीचा खांब आणि हॅचची (डेकमधल्या झाकणाची) कड यांच्या स्क्रूंच्या भोकांतून. त्यानंतर दोन गोष्टी घडतात आणि त्या एकाच वेळी घडत नाहीत. आधी गाभा ओला होतो. मग केव्हा तरी, काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनी, तो कुजतो आणि फायबरच्या थरापासून सुटतो. मीटर पहिल्या गोष्टीची खबर देतो आणि हातोडी दुसऱ्या गोष्टीची. दोघांची तुलना करताना हा फरक नजरेआड झाला, की चर्चा भरकटते.

मीटरची बाजू आधी मांडतो, कारण ती कमकुवत नाही. बोटींसाठी वापरले जाणारे मीटर बिनसुईचे असतात. पृष्ठभागावर टेकवले, की ते आत एक क्षीण विद्युतक्षेत्र सोडतात आणि त्याला मिळणाऱ्या प्रतिसादावरून ओलाव्याचा अंदाज बांधतात. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (विद्युतक्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो त्याचे माप) सुमारे ८० आणि कोरड्या लाकडाचा किंवा फायबरला घट्ट बांधणाऱ्या रेझिनचा एक आकडी, त्यामुळे थोडेसे पाणीही काट्याला लगेच हलवते. गाभा ओला झाला आहे पण अजून घट्ट चिकटलेला आहे, अशा अवस्थेत हातोडीला काहीच कळत नाही आणि मीटर मात्र इशारा देतो. हा त्याचा मोठा गुण आहे. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर ते सहसा कुजत नाही, म्हणून लवकर मिळालेली सूचना खरोखर मोलाची असते. शिवाय मीटर आवाज करत नाही, जेलकोटला (फायबरवरच्या गुळगुळीत बाहेरच्या थराला) धक्का लावत नाही, आणि ज्याला आवाजातला फरक ओळखता येत नाही त्यालाही वापरता येतो.

तरीही मला मीटर बाजूला ठेवावा लागला, आणि तो एकाच कटकटीमुळे. त्याला कोरडा पृष्ठभाग लागतो, आणि विकणाऱ्याच्या दारात कोरडा पृष्ठभाग मिळणे फार अवघड असते.

नाशिकहून मुंबई साधारण १७० किलोमीटर. किनाऱ्यावरची बोट पाहायला जायचे म्हणजे पहाटे निघायचे, दुपारपर्यंत बघायचे आणि संध्याकाळी परत फिरायचे. तिथे पोहोचावे, तर बोट नुकतीच धुतलेली असते. मालक अगदी मनापासून सांगतो, "साहेब, तुम्ही येणार म्हणून सकाळीच स्वच्छ करून ठेवली." त्यात त्याचा काही डाव असतो असे नाही, गिऱ्हाईक येणार म्हटल्यावर कोणीही गाडी धुतो, तशी तो बोट धुतो. परंतु घसरू नये म्हणून डेकवर काढलेल्या खडबडीत नक्षीच्या खाचांत पाणी बसून राहते, फडक्याने ते पूर्ण निघत नाही, आणि मीटर टेकवावा तिथे काटा वर जातो. बोट धुतलेली नसेल, तर मिठाचा थर असतो. मीठ हवेतला दमटपणा ओढून घेते आणि काटा पुन्हा वर जातो. ताडपत्रीखाली ठेवलेल्या बोटीवर आतून घाम धरलेला असतो. बोट नाशिकमध्येच असली तरी सुटका होईलच असे नाही, कारण डिसेंबर-जानेवारीत इथला पारा १० अंशांच्या खाली उतरतो आणि धरणाकाठी उघड्यावर ठेवलेल्या बोटीचा डेक सकाळी दवाने ओलाचिंब असतो. ऊन चढेपर्यंत थांबावे, तर मालकाला दुसरे काम असते.

असे आकडे हाती आले, की ते कशाचे आहेत हेच सांगता येत नाही. डेकखाली क्लीटसाठी बसवलेली धातूची पट्टी असेल तरी आकडा वाढतो, पाण्याची किंवा इंधनाची टाकी टेकलेली असेल तरी वाढतो. मीटरवरचा आकडा हा लाकडातल्या पाण्याची खरी टक्केवारीही नसतो, कारण फायबरच्या थरावरून घेतलेले माप तुलनेपुरतेच खरे असते; म्हणजे याच बोटीच्या कोरड्या भागापेक्षा हा भाग किती वेगळा, एवढेच त्यातून कळते. पण सारा डेकच ओला असेल तर तुलना कोणाशी करायची? मग मालक म्हणतो की यंत्र चुकीचे आहे, आपण म्हणतो की डेक खराब आहे, आणि दोघांपैकी कोणालाही आपले म्हणणे सिद्ध करता येत नाही. व्यवहाराच्या बोलणीत असा पुरावा निरुपयोगी ठरतो, असे माझे मत झाले.

याच्या उलटची अडचण तर जास्त गंभीर आहे. एखादी बोट मार्चपासून मे अखेरपर्यंत नाशिकच्या उन्हात ट्रेलरवर उभी असेल आणि तिच्या स्क्रूंची भोके उघडी असतील, तर आतला कुजलेला गाभा बऱ्यापैकी वाळतो. वाळला म्हणून तो पुन्हा चिकटत नाही. मीटर अशा जागेवर निर्धास्त हिरवी खूण दाखवू शकतो, कारण तिथे खरोखरच पाणी नसते. पण वरचा थर आणि गाभा यांच्यात पोकळी असते, आणि पहिल्याच पावसाळ्यात ती पुन्हा भरायला लागते. खरेदीदार नेमका उन्हाळ्यात बोटी पाहतो, हे लक्षात घेतले तर ही गोष्ट दुर्मीळ म्हणून सोडून देता येत नाही.

हातोडीला या दोन्ही प्रसंगी अडचण येत नाही. दव असो वा मीठ, आवाज फारसा बदलत नाही. हातोडी हलकी असावी, १०० ग्रॅमच्या आसपास, आणि तिचे डोके कडक प्लास्टिकचे असावे. लोखंडी हातोडीने जेलकोटवर तडे जातात आणि मालकाचे रागावणे योग्यच ठरते. काही नसेल तर स्क्रूड्रायव्हरची मूठ किंवा जाडसर नाणेही चालते. उन्हाळ्यात कुंभाराकडे माठ घेताना आपण बोटाच्या पेराने टिचकी मारून तडा ओळखतो, तोच कान इथे लागतो. सुरुवात नेहमी धड भागापासून करावी, म्हणजे जिथे एकही स्क्रू नाही आणि कोणी सहसा पाय ठेवत नाही तिथून. तो कोरडा, टणक आवाज कानात बसला, की क्लीट, रेलिंग, खुर्ची आणि हॅच यांच्या दिशेने दोन-दोन बोटांच्या अंतराने ठोकत जावे.

मी सोडून दिलेल्या एका बोटीच्या खुर्चीच्या खांबाजवळ हे मला फार स्पष्टपणे ऐकू आले होते. हॅचकडून येताना आवाज टक्‌-टक्‌ असा एकसारखा होता. खांबापासून वीतभर अंतरावर तो एकाएकी बसका झाला, आणि हातोडीची उसळीही मेली. मी खडूने तिथे खूण केली, दुसऱ्या बाजूने ठोकत आलो, पुन्हा खूण केली. चारही बाजूंच्या खुणा जोडल्यावर खांबाभोवती लांबट वर्तुळ तयार झाले, आणि त्याची लांब बाजू पाणी वाहून जाण्याच्या उताराकडे होती. मालकाच्या परवानगीने खांबाचा एक स्क्रू काढला, तेव्हा तो हाताने फिरला आणि त्याच्या आट्यांत चहाच्या गाळासारखा तपकिरी लगदा अडकलेला होता. पुढे वाद झालाच नाही. मालकाने स्वतः हातोडी घेऊन वर्तुळाच्या आत-बाहेर ठोकून पाहिले आणि किमतीबद्दल तो आपणहून बोलू लागला. मी ती बोट घेतली नाही, पण ऐकू येणारा पुरावा दोघांनाही सारखाच पटतो, हे तिथे दिसले.

हातोडीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. खाली आडवी भिंत किंवा आधाराची पट्टी आली, की आवाज बदलतो, आणि नवख्याला तो दोष वाटतो. म्हणून डेकखाली डोकावून आधार कुठे आहेत ते आधी पाहून घ्यावे. फोमचा गाभा मुळातच थोडा मंद बोलतो, तिथे बाल्साची अपेक्षा ठेवू नये. जेलकोटवरच्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरांबद्दल हातोडी फार काही सांगत नाही, जरी रेलिंगच्या पायाशी अशा चिरा आणि बसका आवाज एकत्र सापडले तर संशयाला जागा उरत नाही. आणि ओला पण न सुटलेला गाभा तिला कळत नाही, हे वर आलेच आहे. बोट वर्षभर पाण्यातच उभी असते, मालक तुम्हाला ती बाहेर काढून दोन-तीन दिवस कोरड्या शेडमध्ये ठेवू देतो, आणि तुमच्या ओळखीत मीटर वापरणारा कोणी आहे, अशी परिस्थिती असेल तर मीटरला पहिली पसंती देणे मी चुकीचे म्हणणार नाही. तळाच्या तपासणीसाठी तर तो घ्यावाच. पण एका दिवसात जाऊन-येऊन निर्णय करणाऱ्या नाशिककराने डेकसाठी एकच साधन पिशवीत टाकायचे झाले, तर मी हातोडीच टाकेन.

दोन्ही साधने जवळ असतील आणि त्यांचे म्हणणे जुळत नसेल, तर त्याचाही अर्थ लागतो. हातोडी बसकी आणि मीटर शांत असेल, तर गाभा सुटून वाळलेला आहे असे धरावे. अशा ठिकाणी वरचा थर कापून, गाभा खरवडून, नवा गाभा इपॉक्सीने (एका प्रकारच्या पक्क्या रेझिनने) बसवून पुन्हा फायबर चढवावे लागते. भोके पाडून आत रेझिन भरण्याचा सोपा उपाय कोणी सुचवला, तर कुजलेल्या लाकडावर रेझिन धरत नाही हे लक्षात ठेवावे. सातपूर-अंबडकडे फायबरच्या टाक्या करणाऱ्या कारागिराचा हात चांगला असला, तरी गाभा बदलण्याचे काम त्याने पूर्वी केले आहे का, हे विचारूनच खर्चाचा अंदाज घ्यावा. उलट, हातोडी टणक आणि मीटर वर असेल, तर त्या जागेच्या सर्वांत जवळच्या क्लीटचा एक बोल्ट काढून भोकाच्या कडा टॉर्चने पाहाव्यात. लाकूड फिकट आणि कोरडे दिसले तर मीटरने पृष्ठभागाचाच ओलावा मोजला असे समजून पुढे जावे. ते काळसर पण टणक असेल तर भोके नीट सुकवून, इपॉक्सीने बंद करून क्लीट पुन्हा बसवण्याइतकेच काम आहे आणि किमतीत तेवढेच कमी मागावे. मालक एकही बोल्ट काढू द्यायला तयार नसेल, तर त्या क्लीटभोवतीचा सगळा गाभा बदलावा लागणार असे धरूनच आकडा सांगावा.