जुन्या माणसांचे जुने दाखले कसे तपासावेत: पीएफ, फोन की एजन्सी?

मोठ्या गिऱ्हाइकाच्या ऑडिटच्या यादीत ‘सर्व कर्मचाऱ्यांच्या आधीच्या नोकरीची पडताळणी’ असा रकाना आला की छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या चाळीस-पन्नास माणसांच्या कंपनीचा मालक अडतो. नवा माणूस घेताना तपासणं सोपं असतं. पण स्टोअर सांभाळणारे काका बारा वर्षांपासून आपल्याकडे आहेत. त्यांनी तेव्हा दिलेला अनुभवाचा दाखला फाईलमध्ये पिवळा पडलाय आणि तो देणारी कंपनी आता त्या प्लॉटवर नाही. हे तपासायचं कसं?

वाळूज आणि चिकलठाण्यात मी सोळा वर्षं कार्मिक विभागाचं काम करते आहे. या कामाच्या तीन वाटा आहेत आणि मी तिन्ही वापरल्या आहेत: पीएफची नोंद, जुन्या कंपनीला फोन, आणि पडताळणी करणारी एजन्सी. माझं मत आधीच सांगते. जुन्या माणसासाठी पहिली वाट पीएफची, तीही त्याला शेजारी बसवून. फोन त्यानंतर, त्याला सांगून. एजन्सी मोजक्या जागांपुरती.

पीएफची नोंद

ऑक्टोबर २०१४ मध्ये बारा आकडी यूएएन, म्हणजे माणसाचा पीएफचा कायमचा नंबर, सुरू झाला. माणूस कंपनी बदलतो, नंबर तोच राहतो. पोर्टलवर ‘सर्व्हिस हिस्ट्री’चं पान उघडलं की आस्थापनेचं नाव, रुजू झाल्याची तारीख आणि सोडल्याची तारीख एका ओळीत दिसते. पासबुकात महिनावार भरणा दिसतो, म्हणजे मधे सहा महिने खंड असेल तर तोही कळतो. हे पान कामगाराच्या स्वतःच्या लॉगिनमधून उघडतं आणि ओटीपी त्याच्या मोबाईलवर येतो. मला हीच या वाटेची सर्वात चांगली गोष्ट वाटते. त्याच्या नकळत काही होत नाही आणि खर्चही नाही.

आता ही नोंद वाचायची कशी, ते नीट समजून घ्या. चूक इथेच होते.

आपल्या भागात कितीतरी माणसं आठ-दहा वर्षं मोठ्या कंपनीच्या गेटमधून आत गेली. गणवेश तिथला, लाईन तिथली, कॅन्टीन तिथलं, पण पीएफ ठेकेदाराच्या कोडवर. असा माणूस ‘मी अमुक कंपनीत होतो’ म्हणतो तेव्हा तो मनापासून खरं सांगत असतो. पासबुकात मात्र भलत्याच एंटरप्रायजेसचं नाव निघतं, कधी कधी दर दोन वर्षांनी वेगळं, कारण ठेका बदलला. हे खोटं नाही. जुना गेटपास, बँकेतली पगाराची नोंद किंवा ईएसआयसीचं (कामगार विम्याचं) कार्ड मागा, गोष्ट जुळते.

दुसरं, पीएफचा कायदा वीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला लागू होतो. लातूरची आठ-दहा माणसांची डाळमिल किंवा जालन्यातलं छोटं वर्कशॉप त्यात येतच नाही. रुजू होताना मूळ पगार तेव्हाच्या पीएफ मर्यादेच्या (२०१४ पासून पंधरा हजार) वर असेल आणि आधी पीएफ नसेल, तर तो माणूसही बाहेर राहू शकतो. २०१४ च्या आधीचं जुनं खातं यूएएनला जोडलेलंच नाही, हेही नेहमीचं. म्हणून नोंद सापडली तर पुरावा पक्का धरा, पण सापडली नाही एवढ्यावर माणसाला खोटं ठरवू नका.

तिसरी अडचण नावाची. आधारवर एक स्पेलिंग, पीएफवर दुसरं. बाईचं माहेरचं नाव जुन्या खात्यावर, सासरचं नव्यावर. जन्मतारखेचं तर विचारूच नका. आपल्याकडे मास्तरांनी शाळेत नाव घालताना लिहिलेल्या १ जूनवर अख्खी पिढी चालते. तारखेतली तफावत पाहून संशय घेण्याआधी शाळा सोडल्याचा दाखला पाहा.

एक गोष्ट मात्र पीएफ कधीच सांगत नाही: माणसाचं पद काय होतं. कुठे आणि कधी ते कळतं. हेल्पर होता की सुपरवायझर, ते कळत नाही.

जुन्या कंपनीला फोन

ते कळतं फोनवर. काम कोणतं, कोणत्या मशीनवर, हाताखाली किती माणसं, हे तिथला जुना सुपरवायझर दोन मिनिटांत सांगतो. पण जुन्या माणसाच्या बाबतीत तिन्ही वाटांत ही सर्वात नाजूक आहे, आणि मी ते किंमत देऊन शिकले.

वरच्या काकांसारखेच एक स्टोअर कीपर आमच्याकडे होते. ऑडिट जवळ आलं म्हणून मी त्यांना न विचारता त्यांच्या जुन्या कंपनीत फोन लावला. एमआयडीसीत बातमी शिफ्ट सुटायच्या आत पोचते. संध्याकाळी ते दारात उभे राहिले. “ताई, माझी चौकशी लावली म्हणे?” एवढंच विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशी पत्नीला घेऊन आले, सोबत प्लास्टिकच्या पिशवीत नऊ वर्षांच्या पगाराच्या स्लिपा महिनावार लावलेल्या. त्यांचा शब्द न् शब्द खरा होता. मी आधी विचारलं असतं तर पिशवी पहिल्याच दिवशी टेबलावर आली असती. त्यानंतर ते कामावर राहिले, पण पूर्वीसारखे चहाला थांबले नाहीत. ते मला अजून टोचतं.

म्हणून फोन करायचाच असेल तर आधी लेखी संमती घ्या. नंबर दाखल्यावरचा घेऊ नका, दुसरीकडून शोधा, कारण खोट्या दाखल्यावर नंबरही दाखला देणाऱ्याच्याच ओळखीतला असू शकतो. तीनच गोष्टी विचारा: कधीपासून, कधीपर्यंत, कोणतं पद. ‘माणूस कसा होता’ हे विचारू नका. दहा वर्षांपूर्वी युनियनच्या बाजूने उभा राहिलेल्या माणसाबद्दल पलीकडून काय ऐकू येईल, ते त्याच्या कामाबद्दल असेलच असं नाही.

आणि कंपनीच उरली नसेल तर? चितेगावच्या व्हिडिओकॉनची २०१८ पासून दिवाळखोरीची प्रक्रिया झाली. लहान व्हेंडर तर कितीतरी बंद पडले. तिथे फोन कोणाला करणार? अशा माणसासाठी पासबुक आणि फॉर्म २६एएस (आयकर खात्याकडची कापलेल्या कराची नोंद) हेच साक्षीदार. टीडीएस कापला गेला असेल तर २६एएसमध्ये कापणाऱ्या कंपनीचं नाव राहतं.

एजन्सी

एजन्सीचा अहवाल ऑडिटरला आवडतो, कारण तो तिसऱ्याचा असतो. परराज्यातल्या विद्यापीठाची पदवी, दूरचा पत्ता किंवा एकाच वेळी शंभर माणसं असतील तर त्यांच्याशिवाय जमत नाही. आमच्यासारख्या कंपनीत मात्र त्यांची पद्धत अडखळते. ते जुन्या कंपनीच्या एचआरला ईमेल करतात. ठेकेदाराकडे एचआर नसतो, ईमेलही नसतो. मग अहवालात ‘पडताळणी होऊ शकली नाही’ असा शेरा येतो आणि गिऱ्हाईक तो संशय म्हणून वाचतं. निर्दोष माणूस अडकतो. शिवाय दर माणशी पैसे लागतात, आणि आधार-पॅनच्या प्रती बाहेर जातात. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा लक्षात घेऊन त्या प्रतींचं पुढे काय होणार, हे करारात लिहून घ्या.

माझा सल्ला: कॅशियर, खरेदी विभाग, मालाच्या चाव्या सांभाळणारे आणि वरचे अधिकारी एवढ्यांसाठीच एजन्सी घ्या.

कागदच आधी वाचा

या सगळ्याच्या आधी दाखला हातात घेऊन पाच मिनिटं बघा. जीएसटी १ जुलै २०१७ पासून सुरू झाला, तेव्हा २०१४ ची तारीख असलेल्या लेटरहेडवर जीएसटीचा नंबर असूच शकत नाही. ‘संभाजीनगर’ लोक फार पूर्वीपासून म्हणत आले, पण ‘छत्रपती संभाजीनगर’ हे पूर्ण नाव मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये मंजूर केलं. ते २०१२ च्या पत्त्यात दिसलं तर थांबा. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला, म्हणून त्याआधीच्या कागदावर ‘जि. हिंगोली’ जुळत नाही. मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला आणि नांदेडचं विद्यापीठ त्याच वर्षी सुरू झालं, म्हणून १९९१ च्या पदवीवर ते विस्तारित नाव किंवा नांदेडच्या विद्यापीठाचं नाव जुळत नाही. मात्र दुय्यम प्रत नंतर काढलेली असू शकते, हे विचारून घ्या.

जिथे सवलत नाही

वायरमन, बॉयलर अटेंडंट, दवाखान्यातली नर्स, औषध देणारा फार्मासिस्ट: इथे कागद म्हणजे काम करायची परवानगी. माणूस वीस वर्षं आपल्याकडे असो, परवाना देणाऱ्या कार्यालयाकडून, नर्सिंग कौन्सिल किंवा फार्मसी कौन्सिलकडून नोंदणी तपासाच. इथे जीव गुंतलेले असतात. याउलट स्टोअर कीपरने तीन वर्षांच्या अनुभवाची पाच वर्षं लिहिली असतील, तर त्या दोन वर्षांपेक्षा त्याने आपल्याकडे काढलेली बारा वर्षं मला जड वाटतात.

खरंच खोटं निघालं तर लगेच घरी बसवू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतारसिंग प्रकरणात सांगितलं की कायम झालेल्या कर्मचाऱ्याला खोट्या माहितीवरून काढायचं तर विभागीय चौकशी लागते, आणि दडवलेली गोष्ट किती गंभीर, पद कोणतं, हेही पाहावं लागतं. ते प्रकरण सरकारी नोकरीचं होतं, पण खासगी मालकानेही आरोपपत्र आणि बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय पाऊल उचललं तर कामगार न्यायालयात उभं राहायची तयारी ठेवावी. नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता लागू आहेत, म्हणून नोटीस काढण्याआधी वकिलाला दाखवा.

ऑडिटसाठी मी आता दर माणशी एकच पान ठेवते. वर आधीच्या नोकऱ्या, त्याच्याच शब्दांत. खाली पासबुकातले महिने. जे जुळत नाही त्यासमोर कारण: ‘ठेकेदार बदलला’, ‘कंपनी बंद’, ‘पीएफ लागू नव्हता’, आणि त्याऐवजी कोणता कागद पाहिला ते. शेवटी त्याची सही आणि माझी सही, समोरासमोर बसून केलेली.