आयर्लंडच्या संसदेची वेबसाइट वापरून पाहिली, पांढरकवड्याकडून रिव्ह्यू

साडेतीन स्टार. दीड का कापला ते खाली येतेच, पण आधी चांगलं सांगते. साइट फुकट आहे, लॉगिन नाही, ओटीपी नाही, कॅप्चा भरता भरता डोळे जात नाही, आणि आमच्या इकडे रात्री दहानंतर जेवढं नेटवर्क येते तेवढ्यातही लिहिलेला मजकूर उघडते. म्हणजे डब्लिनच्या संसदेत कोण काय बोललं हे यवतमाळ जिल्ह्याच्या टोकाला खाटेवर बसून वाचता येते, आपल्या ग्रामसभेत काय ठराव झाला ते मात्र विचारायला जावं लागते.

आता मी ही साइट काऊन वापरून राहिली ते. मी विधी सेवा समितीची स्वयंसेवक आहे, मनोधैर्यचे (अत्याचारपीडितांना सरकारी मदत देणारी योजना) फॉर्म भरून देणं, पोट्टीसोबत दवाखान्यात बसणं, तारखेला तिच्या आईबापाला एसटीत घालून कोर्टात नेणं अशी कामं. वसतिगृहात नाहीतर आश्रमशाळेत लेकरावर अत्याचार झाला की सुरुवातीला सगळे येतात, गाड्या येतात, चॅनलवाले येतात, संस्थाचालकाचा निषेध होते, चेक निघते. मग वर्ष दोन वर्षांनी त्या लेकराला झोप येत नाही, पोट दुखते, शाळा सुटते, तेव्हा कोणी नसते. आम्हाला यावर आमदार साहेबांना निवेदन द्यायचं होतं की पैसा ठीक आहे पण उपचाराचं काय. वकील सर म्हणे ताई, आयर्लंडवाले यावर वीस-पंचवीस वर्षं संसदेत भांडून राहिले, त्याईच्या चर्चा वाचा आणि मग लिहा.

साइट चालते कशी तर प्रत्येक बिलाचं एक पान आहे, त्यात ते कधी मांडलं, कोणत्या दिवशी कोणत्या टप्प्यावर चर्चा झाली, कोणी कोणत्या दुरुस्त्या सुचवल्या, सगळं एकाखाली एक. भाषणं माणसानुसार वेगळी केलेली, एका खासदाराचं नाव दाबलं की त्याचंच सगळं निघते. मतदान झालं असेल तर बाजूनं कोण, विरोधात कोण, नावानिशी यादी. मागे 1919 पर्यंतचं रेकॉर्ड आहे, त्यांची पहिली सभा बसली तेव्हापासूनचं! आपल्या लोकसभेच्या चर्चाही साइटवर आहेत, नाही असं नाही, पण पीडीएफ उघडा आणि पानं खाली ढकलत बसा, फोनवर त्यात जीव जाते.

मजकुराबद्दल थोडं, नाहीतर रिव्ह्यूचा काही फायदा नाही. तिकडे गेल्या शतकात हजारो लेकरं इंडस्ट्रियल स्कूल नावाच्या निवासी संस्थांत राहिली, पैसा सरकारचा, चालवणारे बहुतेक कॅथलिक धर्मसंघ. मारहाण, उपासमार, लैंगिक अत्याचार, सगळं. 11 मे 1999 ला पंतप्रधान बर्टी अहर्न यांनी माफी मागितली, 2002 मध्ये भरपाईचा कायदा आला, 2009 मध्ये या संस्थांची चौकशी करणाऱ्या रायन आयोगाचा मोठा अहवाल. 15 हजारांवर लोकांना भरपाई मिळाली, सरासरी 60 हजार युरोच्या वर. पण पैसे घेतले की कोर्टाचा रस्ता बंद, आणि संस्था किंवा माणूस ओळखू येईल असं त्या अर्जातलं काही छापलं तर गुन्हा. 18 धर्मसंघांनी मिळून 128 मिलियन युरो द्यायचं कबूल केलं आणि एकूण खर्च गेला दीड अब्जाच्या आसपास, बाकीचा जनतेच्या खिशातून. हे आकडे वाचून मी फोन ठेवून दिला आणि भाकरी टाकायला गेली.

पण खरी मजा, मजा म्हणजे खरी भानगड, कार्डाची आहे. 1996 च्या एका कायद्याचं तिकडे कार्ड आहे, त्याला एचएए (हेल्थ अमेंडमेंट अ‍ॅक्ट) कार्ड म्हणतात. सरकारी रक्तपेढीच्या दूषित रक्तघटकांमुळे ज्यांना हिपॅटायटिस सी झाला त्यांच्यासाठी काढलेलं, त्यात बायका लय होत्या कारण बाळंतपणानंतरच्या अँटी-डी इंजेक्शनातून तो गेला. हे कार्ड चांगलं मानतात, साध्या सरकारी मेडिकल कार्डापेक्षा वरचं. 2013 मध्ये मॅग्डलीन लॉन्ड्रीतल्या, म्हणजे धर्मसंघांच्या धुलाईघरांत ठेवून फुकट राबवून घेतलेल्या बायांची पंतप्रधान एंडा केनी यांनी माफी मागितली, मग न्यायमूर्ती क्वर्क यांनी शिफारस केली की या बायांना एचएएसारखंच आरोग्य कार्ड द्या. 2015 मध्ये कायदा झाला आणि कार्ड मिळालं. डॉक्टर, औषधं, दात, डोळे, कान, पायाची निगा, फिजिओथेरपी, समुपदेशन, घरी मदतनीस, यादी वाचून आपल्याला वाटते बाप्पा एवढं! पण सर्व्हायव्हर, म्हणजे हे सगळं सोसून वाचलेल्या, बायांचं म्हणणं की शिफारस केलेलं हे नाहीच, साध्या मेडिकल कार्डापेक्षा जरासंच जास्त आहे. संसदेतली चर्चा वाचताना हेच परत परत येते, मंत्री म्हणते दिलं, समोरचा म्हणते जे कबूल केलं ते दिलं नाही.

मग 2023 चा मदर अँड बेबी होमचा कायदा, लग्नाआधी दिवस गेलेल्या पोरींना आणि त्यांच्या लेकरांना जिथे ठेवत त्या संस्थांचा. यात कार्ड मिळायला संस्थेत 180 दिवस काढलेले पाहिजे. आणि लेकरू म्हणून सहा महिन्यांच्या आत बाहेर गेला असाल तर पैसेही नाही, कार्डही नाही. अडीच महिन्याचं बाळ आईपासून तोडून दत्तक दिलं तर ते योजनेच्या बाहेर! विरोधी खासदार यावर तुटून पडले, तेव्हाचे मंत्री रॉडरिक ओ'गॉर्मन यांच्या बाजूचं उत्तर असं की एवढ्या लहानपणी बाहेर गेलेल्यांना मुख्य पाहिजे ती जन्माची माहिती, आणि त्यासाठी 2022 चा वेगळा कायदा केलेला आहे. मी हे उत्तर दोनदा वाचलं, गळी उतरलं नाही. दिवस मोजून दुःख ठरवणं आमच्याकडेही चालते, दुष्काळात पैसेवारी लावतात तसं, पण लेकराला पैसेवारी?

देशाबाहेर राहणाऱ्यांना कार्ड चालत नाही म्हणून त्याऐवजी एकदाच 3 हजार युरो घ्यायची सोय आहे, कारण कितीतरी लोक तरुणपणीच इंग्लंडला पळाले. हे वाचून मला आमचे लोक आठवले, इथून तेलंगणातलं आदिलाबाद हाकेच्या अंतरावर, कामाला तिकडे जातात, महाराष्ट्राचं कार्ड तिकडच्या काउंटरवर दाखवलं तर काय होते ते सांगायची गरज नाही. निवेदनात तो मुद्दा घातला.

आपल्याकडचं असं आहे की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 397 प्रमाणे बलात्कार, अॅसिड हल्ला, पोक्सोमधल्या पीडितांना सरकारी असो की खासगी, सगळ्या दवाखान्यांनी लगेच फुकट उपचार द्यायचे आहेत. कायदा चांगला आहे. मनोधैर्य 2013 पासून आहे, पैसा येते. महात्मा फुले योजना आहे, पण ती भरती झालात तर. आता भरती व्हायचं काम नसेल, महिन्यातून एकदा समुपदेशक पाहिजे असेल, तो जिल्ह्याच्या गावी असेल, आणि बापाची रोजी बुडत असेल, तर ते कोणत्या योजनेत बसते? कुठंच नाही. एका दवाखान्यात तर केस पेपर काढताना खिडकीवरच्यानं चार लोकांत जोरात विचारलं, कशाची केस आहे? पोट्टीनं मान खाली घातली ती घरी येईपर्यंत. म्हणून मी आयर्लंडची यादी वाचताना हे शोधत होती की कार्डावर काय छापलेलं असते, पाहणाऱ्याला कळते का की हा कशाचा लाभार्थी. चर्चेत मी वाचलं तेवढ्यात ते सापडलं नाही, आणि माझ्या मते खासदारांनी पहिले हेच विचारायला पाहिजे होतं.

आता कापलेला दीड स्टार. एक, ज्यांच्यावर बेतलं त्यांचा आवाज मुख्य सभागृहाच्या रेकॉर्डमध्ये जवळजवळ नाही, सगळं खासदारांच्या तोंडून येते. तो समिती बैठकांत थोडा सापडते, पण त्या वेगळ्या शोधाव्या लागतात आणि नवीन माणसाला ते कळतच नाही. दोन, दुरुस्त्या. विरोधकांनी चांगली दुरुस्ती आणली, उदाहरणार्थ आणखी लोकांना कार्ड द्या, की ती चर्चेआधीच बाद, कारण तिकडच्या नियमानं सरकारी तिजोरीवर बोजा टाकणारी दुरुस्ती साध्या खासदाराला मांडता येत नाही. वाचणाऱ्याला तेवढं दिसते की बाद झाली, काऊन झाली ते शोधता शोधता रात्र जाते. तीन, लघुरूपं. एवढ्या योजना, एवढी कार्डं, कुठं खुलासा नाही. फोनचं मराठी भाषांतर लावलं तर सभापतीचं भलतंच काही होते, इंग्रजी जमत असेल तर मूळच वाचा, नाहीतर कॉलेजच्या पोट्ट्याला सोबत बसवा. व्हिडिओ मात्र आमच्या नेटवर लावूच नका, गोल फिरत राहते.

अजून एक, हे बिल-बिल खेळत असताना बाहेर काय चाललं ते साइटवर दिसत नाही. इंडस्ट्रियल स्कूलची भरपाई मिळालेल्या जुन्या लोकांसाठी 2024 मध्ये जे आरोग्य कार्डाचं बिल आलं त्यात एचएए नाही, म्हणून सप्टेंबर 2025 मध्ये चार सर्व्हायव्हर, सगळे उतारवयाचे, संसदेच्या लेन्स्टर हाउसबाहेर उपोषणाला बसले, पन्नासच्या वर दिवस. मागणी दोनच, एचएए कार्ड आणि पेन्शन. आमच्याकडे तहसीलसमोर मंडप टाकून बसतात ते आपण पाहतोच, पण वय झालेली माणसं डब्लिनच्या थंडीत तसं बसलेली हे मला बातमीतून कळलं, साइटवरून नाही.

वापरायची असेल तर बिलाच्या पानावरून सेकंड स्टेज उघडा, तिथे सगळे मोकळं बोलतात. मग कमिटी स्टेज, तिथे कलमा-कलमावर खरी झटापट होते आणि मंत्री कुठं अडकते ते दिसते. मंत्र्याचं शेवटचं उत्तर आधी वाचलं तरी चालते, वेळ वाचते. आमच्या निवेदनात आम्ही तीन गोष्टी घातल्या, समुपदेशनाचा प्रवासखर्च, कार्डावर केसचा उल्लेख नको, आणि उपचाराला वर्षाची मुदत नको. हिवाळी अधिवेशनाआधी नागपूरला द्यायचं आहे, कोणाकडे आणखी मुद्दे असतील तर खाली टाका.