महिन्याचं इंजेक्शन की रोजची गोळी?

ग्रॅन्युलोसा सेल ट्यूमर (ओव्हरीचा एक कॅन्सर) परत आलाय, ऑपरेशनात निघण्यासारखं होतं ते काढलंय आणि डॉक्टर 'आता हार्मोनची ट्रीटमेंट बघूया' म्हणतायत, अशा बायकांसाठी लिहितेय. मी दोन्ही घेतलंय. आधी सात महिने ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन, नंतर लेट्रोझोलची गोळी. तिला आता दोन वर्षं होतील. टॅमॉक्सिफेनचंही नाव निघालं होतं, पण माझ्या पायात पूर्वी रक्ताची गाठ झाली होती, त्यामुळे ते बाद.

एक आधीच सांगते. माझ्या दोन्ही ओव्हरी पहिल्याच ऑपरेशनात गेल्या. जिची एक शिल्लक आहे, पाळी चालू आहे, तिचं नुसत्या लेट्रोझोलवर भागत नाही. इस्ट्रोजन कमी झालं की मेंदूकडून ओव्हरीला उलट जास्त हुकूम सुटतात. तिथे इंजेक्शन लागतंच. तुमचं तसं असेल तर पुढचं माझं पुराण सोडून द्या.

इंजेक्शन पिच्युटरीला, म्हणजे हे हुकूम सोडणाऱ्या मेंदूतल्या ग्रंथीला, गप्प बसवतं (पहिले एक-दोन आठवडे हार्मोन उलट वाढतात, घाबरू नका). अंगाला म्हणाल तर मला त्याचा फारसा जाच झाला नाही. घामाच्या लाटा ओव्हरी गेल्यापासून होत्याच. जाच झाला तो तारखेचा. दर २८ दिवसांनी खानापूरहून बेळगाव. अंतराचं काही नाही हो, पण हे इंजेक्शन दुकानात ठेवलेलं नसतं, मागवावं लागतं. फोनवर 'आलंय' म्हणायचे आणि काउंटरला पोचलं की, "नाळे बन्नी, अक्का." म्हणजे उद्या या. जुलैच्या पावसात, ओल्या साडीनं तिसऱ्यांदा ते ऐकलं आणि बसस्टँडच्या बाकड्यावरच ठरवलं, पुरे. तीन महिन्यांचं ११.२५ मिलिग्रॅमचंही मिळतं. पण पैसे एकदम मोजायचे, आणि 'नाळे' काही चुकत नाही.

लेट्रोझोल २.५ मिलिग्रॅमची, रोज एक, गावातल्या मेडिकलमध्ये मिळते. ती चरबीत आणि खुद्द गाठीत इस्ट्रोजन तयार होऊ देत नाही. हाडं विरळ होतात, म्हणून डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारा) आणि कॅल्शियम आलंच. सांध्यांचं मात्र खरं दुखणं आहे. सकाळी उठल्यावर मूठ उघडत नाही. कोमट पाण्यात हात बुडवून बसावं लागतं.

गाठ विरघळेल अशी आशा मात्र दोन्हींकडून जपूनच ठेवा. याच जातीची गोळी, अ‍ॅनास्ट्रोझोल, चाळीसेक बायकांना देऊन पाहिली होती. १२ आठवड्यांनी बहुतेकींची गाठ वाढली नव्हती, पण नीट लहान झाली ती एकीचीच. माझं इन्हिबिन बी (या गाठीवर लक्ष ठेवायला रक्तात तपासतात ते) इंजेक्शनावरही वाढलं नव्हतं आणि गोळीवरही जागच्या जागी आहे. म्हणून औषध म्हणून इंजेक्शनाला नावं ठेवणार नाही. तुमचं दुकान धड असेल तर तुमचा निर्णय वेगळाही होईल.

मी सकाळी उप्पीट करते. भाकऱ्या दुपारी, तोवर बोटं सुटलेली असतात.