दोन नील्स: आबेल आणि बोर

नॉर्वेचा गणितज्ञ नील्स हेन्रिक आबेल आणि डेन्मार्कचा भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर. या दोघांपैकी आधी कोणाबद्दल वाचावं? बुद्धीच्या बाबतीत डावं-उजवं करू नये. फरक होता पाठीशी कोण उभं होतं, याचा.

बोर कोपनहेगनच्या प्राध्यापकाचा मुलगा. १९१३ साली अणूची रचना मांडली, १९२२ मध्ये नोबेल मिळालं. १९२१ पासून त्याची स्वतःची संस्था होती. हायझेनबर्ग, पाउली, डिरॅक यांच्यासारखे भौतिकशास्त्रज्ञ तिथे येऊन वाद घालायचे. १९४३ मध्ये नाझींच्या तावडीतून सुटून त्याने बोटीने स्वीडन गाठलं.

आबेलच्या वाट्याला हे काहीच नाही. वडील लवकर गेले, घरावर कर्ज. पाचव्या घाताच्या समीकरणाला मूळचिन्हं (वर्गमूळ, घनमूळ वगैरे) वापरून सर्वसाधारण सूत्र असूच शकत नाही, हे त्याने १८२४ मध्ये सिद्ध केलं. शतकानुशतकं अडलेला प्रश्न! पण छपाई पदरच्या पैशांनी. खर्च वाचावा म्हणून सिद्धता सहा पानांत कोंबली, इतकी की वाचणाऱ्यालाही जड जावी. १८२६ मध्ये पॅरिसच्या अकादमीला दिलेला मोठा निबंध फ्रेंच गणितज्ञ कोशीकडे पडून राहिला. ही हेळसांड मला आजही सहन होत नाही. ६ एप्रिल १८२९ रोजी क्षयाने तो गेला, वय अवघं २६. बर्लिनमध्ये नोकरी पक्की झाल्याचं त्याचा मित्र क्रेले याचं पत्र दोनच दिवसांनी लिहिलं गेलं.

विज्ञान कसं बहरतं हे पाहायचं तर बोर वाचा. पण आधी कोण, असं विचाराल तर मी आबेलच म्हणेन. त्याच्या नावाचा गणिताचा पुरस्कार २००३ पासून दिला जातो. २००७ मध्ये तो चेन्नईत जन्मलेल्या श्रीनिवास वरदन यांना मिळाला.