नॅकची ग्रेड की ब्रँचची एनबीए, ऑप्शन फॉर्म भरण्याआधी थोडं

इंजिनिअरिंगच्या कॅप राऊंडमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीत, दोन कॉलेजांवर अडकला असाल, एकाला नॅकची ए प्लस प्लस आणि दुसऱ्याला नुसती ए पण हव्या त्या ब्रँचला एनबीएची मान्यता, तर मुलीच्या ॲडमिशनला आमच्यापुढे अगदी हाच पेच होता म्हणून लिहितोय.

नॅक आणि एनबीए, दोन्ही दर्जा तपासणाऱ्या संस्था, १९९४ च्याच. नॅक अख्ख्या कॉलेजचं बघते, लायब्ररी, रिसर्च, कारभार सगळं मिळून एक ग्रेड. एनबीए एकेक कोर्स तपासते, त्यामुळे मेकॅनिकलला आहे म्हणून कॉम्प्युटरला असेलच असं नाही.

आणि मला वैताग आला तो इथेच. ए प्लस प्लसवाल्या कॉलेजच्या ब्रोशरवर एनबीए मोठ्या अक्षरात, पण कुठल्या ब्रँचला ते कुठेच नाही. काउंटरवर विचारलं तर "कॉलेजला आहे ना सर", डिपार्टमेंटला गेलो तर "प्रोसेस चालू आहे", शेवटी घरी येऊन एनबीएच्या साइटवर शोधलं तर आमच्या ब्रँचची मुदत संपून गेलेली. अहो, पोरगी चार वर्षं त्याच ब्रँचमध्ये काढणार, आणि नेमकं तेवढंच कोणी सरळ सांगेना! दुसऱ्या कॉलेजात विचारल्याबरोबर पत्र समोर ठेवलं, ब्रँच, टियर (एनबीएची वर्गवारी), कधीपर्यंत, सगळं त्यात.

टियर मात्र बघाच. इंजिनिअरिंगच्या पदव्या एकमेकांकडे मान्य करण्याचा देशादेशांतला करार म्हणजे वॉशिंग्टन अकॉर्ड, भारत २०१४ पासून त्याचा कायम सदस्य आहे, पण त्याचा फायदा टियर वनला, म्हणजे स्वायत्त कॉलेजं आणि विद्यापीठं यांना, संलग्न कॉलेजांच्या टियर टूला नाही. माझा भाचा टियर टूचा, ऑस्ट्रेलियाला जायचं ठरल्यावर तिथल्या इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया या संस्थेच्या असेसमेंटसाठी सीडीआरचे, म्हणजे आपली पात्रता दाखवणाऱ्या अहवालाचे, तीन करिअर एपिसोड लिहिता लिहिता पार दमला, त्याच्या टियर वनवाल्या मित्राला ते लिहावंच लागलं नाही.

आता नॅक बिनकामाची असं मी म्हणत नाही. पुढे एमबीए किंवा स्पर्धा परीक्षाच करायची असेल तर एकूण कॉलेज चांगलं असणं बहुतेक जास्त उपयोगी पडेल, आणि कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या माझ्या बघण्यात तरी यातलं काहीच विचारत नाहीत. फीमध्ये मोठा फरक असेल तरी गणित बदलू शकतं.

पण बाकी सगळं उन्नीस-बीस असेल तर मी ब्रँचकडे झुकेन, आम्हीही दुसरं कॉलेजच एक नंबरला टाकलं. मान्यता कधी तीन वर्षांची असते कधी सहा, तेव्हा मूल पास होईल ते वर्ष त्यात बसतंय का आणि नसेल तर आधीची वेळेवर रिन्यू झाली होती का, एवढं फॉर्म लॉक करण्याआधी विचारून घ्या.