41 तासांची हार्ड डिस्क: पुसलेल्या नोंदींनी झालेली फसवणूक

जुनी हार्ड डिस्क घेताना ‘स्मार्ट’ नोंदींमधील (डिस्क स्वतःच्या वापराच्या आणि दोषांच्या ठेवते त्या नोंदींमधील) वापराच्या तासांचा आकडा पाहून जे निश्चिंत होतात, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. तो आकडा पुसता येतो आणि आम्हाला विकलेल्या डिस्कवर तो पुसलेला होता.

आमच्या वाचनालयातील जुन्या दिवाळी अंकांचे स्कॅनिंग सुरू असून त्याच्या प्रती ठेवण्यासाठी सीगेटच्या एक्सॉस मालिकेतील 12 टीबीच्या दोन डिस्क मुंबईत लॅमिंग्टन रोडवरील एका दुकानातून घेतल्या. माल जुना असल्याचे दुकानदाराने लपवले नाही. बंद पडलेल्या एका कार्यालयातील संगणकांमधून त्या काढलेल्या आहेत आणि जेमतेम वापरलेल्या आहेत, असे सांगून त्याने आपल्या लॅपटॉपवर ‘स्मार्ट’ नोंदी दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम उघडला आणि ‘गुड’ हा शेरा व 41 तासांचा वापर दाखवला. लेबलवर 2020 हे साल होते. इतक्या वर्षांत फक्त 41 तास कसे, असे विचारल्यावर ‘गोदामात पडून होत्या’ हे उत्तर तयार होते. कार्यालयातून काढलेला माल गोदामात पडून कसा राहिला, हे मात्र त्याने सांगितले नाही. शिवाय एक्सॉस ही मालिका मुळात सर्व्हर आणि डेटा सेंटरसाठी बनवलेली आहे, टेबलावरच्या संगणकात ती सहसा आढळत नाही.

एकही फाइल ठेवण्यापूर्वी दोन्ही डिस्कवर दीर्घ स्वयंचाचणी लावली. या चाचणीत डिस्क आपला संपूर्ण पृष्ठभाग वाचून पाहते, त्यामुळे 12 टीबीला जवळजवळ एक अख्खा दिवस लागतो, आणि दुकानात उभ्या उभ्या ती कोणीच करत नाही. एक डिस्क पार पडली. दुसरीची चाचणी वाचनातील त्रुटीवर थांबली, आणि दुकानात शून्य दिसलेला ‘स्मार्ट’मधील 197 क्रमांकाचा आकडा, म्हणजे वाचता न आल्यामुळे प्रलंबित राहिलेल्या सेक्टरांची (डिस्कवरील साठवणुकीच्या छोट्या तुकड्यांची) संख्या, वाढू लागला. नोंदी पुसल्याने खराब झालेला पृष्ठभाग दुरुस्त होत नाही. तो भाग पुन्हा वाचायची वेळ येईपर्यंत दोष फक्त दिसत नाही. 5 क्रमांकाचा आकडा (बदललेले सेक्टर) आणि 198 क्रमांकाचा आकडा (दुरुस्त न होणारे सेक्टर) यांनाही हेच लागू आहे. 199 क्रमांकाचा आकडा (केबलमधून डेटा जाताना झालेल्या त्रुटी) वाढलेला दिसला, तर मात्र आधी केबल बदलून पाहावी.

संशय बळावल्यावर दुसरी वही उघडली. सीगेटच्या अनेक डिस्क ‘फार्म’ नावाची स्वतंत्र नोंद ठेवतात आणि डिस्क तपासणाऱ्या स्मार्टमाँटूल्स या प्रोग्रामच्या 2023 मध्ये आलेल्या 7.4 आवृत्तीपासून ती मोफत वाचता येते. तिथे दोन्ही डिस्कचे तास 34,000 च्या पुढे होते. वर्षाचे तास 8,760 धरले, तर ही जवळजवळ चार वर्षांची अखंड धाव होते. जानेवारी 2025 मध्ये जर्मनीतील हाइझे या तंत्रज्ञानविषयक प्रकाशनाने नेमका हाच प्रकार उघड केला होता. नव्या म्हणून विकलेल्या सीगेट डिस्कच्या ‘स्मार्ट’ नोंदी कोऱ्या होत्या, पण ‘फार्म’मध्ये साधारण 15,000 ते 50,000 तास दिसत होते, आणि साठवणुकीच्या जागेवर चालणाऱ्या चिया या आभासी चलनाच्या चिनी केंद्रांतून त्या आल्या असाव्यात, असा संशय होता. आमच्या डिस्क कुठून आल्या हे सांगता येत नाही, पण पुसण्याची पद्धत तीच आहे. ‘फार्म’ची नोंदसुद्धा कायम अस्पर्श राहील असे गृहीत धरू नये, आणि इतर कंपन्यांच्या डिस्कवर तर ती नसतेच. तिथे स्क्रूच्या छिद्रांवरचे ओरखडे आणि डिस्क संगणकाला जोडणाऱ्या साटा जोडणीच्या पट्ट्यांवरची झीजही पाहावी लागते.

34,000 तास चाललेली डिस्क टाकाऊच असते, असे माझे म्हणणे नाही. विक्रेत्याने खरे तास सांगून त्यानुसार किंमत लावली असती, तर तिसरी प्रत ठेवण्यासाठी मी ती आनंदाने घेतली असती. उलट आकडे खरे आणि स्वच्छ असले तरी ती हमी नव्हे: गूगलच्या अभियंत्यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कवर ‘स्मार्ट’च्या प्रमुख इशाऱ्यांपैकी एकही उमटलेला नव्हता.

दुकानदाराने ‘टेस्टिंग वॉरंटी संपली’ असे सांगितले, मग बरीच हुज्जत घातल्यावर त्रुटी दाखवणारी डिस्क परत घेऊन तिची निम्मी रक्कम दिली. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार करता येते, पण आमच्या हातातील कच्च्या बिलावर ‘हार्ड डिस्क, नग 2’ एवढेच लिहिलेले आहे आणि ‘त्या डिस्क माझ्या नव्हेतच’ असे म्हणायला तो मोकळा आहे. म्हणून पैसे देण्यापूर्वी पक्क्या बिलावर प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक आणि विक्रेत्याने सांगितलेले तास लिहून घ्यावेत, आणि परतीची मुदत निदान दीर्घ चाचणी पूर्ण होईल इतकी मागावी. तास लिहून द्यायला जो दुकानदार टाळाटाळ करेल, त्याच्याकडची डिस्क तिथेच ठेवून यावी.