बेसबॉल सॅव्हंट: मार खाणाऱ्या पिचरकडे नीट बघायचं असेल तर

नवा पिचर (चेंडू फेकणारा) सलग तीन सामन्यांत चोपला गेला, ईआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे त्याच्या खात्यावर पडणाऱ्या धावा, सहाच्या वर गेला आणि संघाने त्याला ट्रिपल-एमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या लगेच खालच्या पातळीवर, धाडला. एवढ्या बातमीवरून त्या पोराबद्दल काहीही ठरवू नये. तो खरंच घसरलाय की चेंडू नको तिथे पडत गेले, हे पडताळायला मेजर लीग बेसबॉलची बेसबॉल सॅव्हंट ही साइट आहे. पैसे लागत नाहीत, खातंही उघडावं लागत नाही. इंदुरातल्या माणसाला तर ही फारच सोयीची. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी 7:05 ला सुरू होणारा सामना आपल्याकडे पहाटे 4:35 चा, रोज कोण उठणार? सामना आटपेपर्यंत इकडे पोह्यांवर शेव-जीरावन पडायला लागलेलं असतं, आणि तेव्हा प्रत्येक फेकीची नोंद साइटवर हजर असते. क्रिकेटमध्ये पायचीतचा निकाल देताना जे हॉक-आय आपण बघतो, त्याचेच कॅमेरे 2020 पासून मेजर लीगच्या मैदानांवर हे मोजमाप करतात.

पिचरचं नाव टाकून पान उघडलं की लाल-निळ्या पट्ट्या दिसतात. लाल म्हणजे लीगमध्ये वरचा, निळा म्हणजे खालचा. पुष्कळ जण इथेच थांबतात आणि फसतात. आधी इनिंग किती झाल्या ते बघा. ईआरए म्हणजे पिचरच्या खात्यावरच्या धावा गुणिले 9, भागिले इनिंग. 25 इनिंग टाकलेल्या पोराला तिन्ही बेस भरलेले असताना एक होमरन बसला, म्हणजे चार धावा गेल्या, तर त्या एका फटक्याने ईआरए 1.44 ने चढतो. म्हणून शेजारचा एक्सईआरए, म्हणजे अपेक्षित ईआरए, बघायचा. चेंडू किती जोरात आणि कोणत्या कोनात मारला गेला, स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) आणि वॉक (चार चुकीच्या फेकींवर फुकट बेस) किती, यांवरून तो काढतात; क्षेत्ररक्षकांचा आणि नशिबाचा वाटा त्यात जवळजवळ नसतो. ईआरए 6.20 आणि एक्सईआरए 3.90 असेल तर धीर धरावा. दोन्ही सहाच्या आसपास असतील तर दुखणं खरं आहे. मात्र मैदान लहान की मोठं, याचा हिशेब एक्सईआरएत नाही, आणि ते पुढचं भाकीतही नव्हे.

दुखणं कुठे आहे ते फेकींच्या तक्त्यात सापडतं: कोणती फेक किती वेळा टाकली, वेग किती, बॅट किती वेळा हवेत फिरली. तरुण पिचरच्या बाबतीत पुन्हा पुन्हा दिसणारी गोष्ट अशी की फास्टबॉल ताशी 95 मैल, म्हणजे 153 किलोमीटरचा, आणि तरी मार पडतोच. कारण स्लायडर, म्हणजे उशिरा बाजूला वळणारी फेक, स्ट्राइक झोनमध्ये (बॅटरसमोरच्या वैध चौकटीत) पडत नाही. बॅटर तो सोडून देतो, चुकीच्या फेकी वाढून पिचर मागे पडतो, आणि मग फास्टबॉलच येणार हे बॅटरला ठाऊक असतं. उजव्या हाताच्या पिचरचे आकडे फक्त डावखुऱ्यांविरुद्ध बिघडले असतील तर बहुधा चेंजअप (फास्टबॉलसारखी दिसणारी संथ फेक) कच्चा आहे. अशा पोराला खाली न पाठवता एक-दोन इनिंगसाठी बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचरांत, ठेवणंही शहाणपणाचं ठरतं.

माझ्या मते साइटवरची सगळ्यात मोलाची आकृती म्हणजे चेंडू हातातून सुटतो त्या जागेची. फास्टबॉलचे ठिपके लाल, स्लायडरचे पिवळे. दोन्ही एकमेकांत मिसळलेले हवेत. पिवळा पुंजका वेगळा, चार बोटं खाली बसलेला दिसला, तर चांगला बॅटर चेंडू सुटतानाच स्लायडर ओळखू शकतो. गेल्या वर्षीची आकृती शेजारी उघडून ताडून बघा. सुटण्याची जागा दोन-तीन इंच खाली आली आणि वेगही दोन मैलांनी उतरला, तर कौशल्यापेक्षा खांद्या-कोपराची शंका आधी घ्यावी.

हात कुठून येतो याने काय फरक पडतो, त्याचं टोरांटो ब्लू जेजचा पिचर रॉय हॅलाडे याच्याइतकं ठसठशीत उदाहरण नाही. 2000 मध्ये त्याचा ईआरए 10.64 होता. 2001 मध्ये टोरांटोने त्याला थेट डनीडनच्या सिंगल-ए संघात, ट्रिपल-एच्याही बऱ्याच खाली, उतरवला. तिथे पिचिंग प्रशिक्षक मेल क्वीन यांनी सरळ डोक्यावरून येणारा त्याचा हात खाली, तिरका आणला. 2003 मध्ये त्याला सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला, 2010 मध्ये दुसरा. साइटवर फेकींची नोंद 2008 पासूनचीच असल्याने हॅलाडेच्या या बदलाची आकृती तिथे मिळत नाही, याची फार हळहळ वाटते.

साइटची मोठी उणीव म्हणजे संघाने निर्णय का घेतला, याबद्दल ती गप्प असते. मेजर लीग संघाच्या 26 जणांत पिचर जास्तीत जास्त 13. फक्त सप्टेंबरात 28 जण आणि 14 पिचर. संघाच्या 40 जणांच्या मुख्य यादीतल्या खेळाडूला साधारणपणे तीन हंगाम ‘ऑप्शन’वर खाली पाठवता येतं, एका हंगामात पाच वेळांपर्यंत. खाली गेलेला पिचर किमान 15 दिवस तिथेच राहतो. वर कुणी जखमी झाला तर मात्र आधी येऊ शकतो. ऑप्शन संपलेल्याला खाली पाठवायचं तर आधी वेव्हरवर, म्हणजे इतर संघांपुढे, टाकावं लागतं, आणि तिथे दुसरा संघ त्याला उचलू शकतो. म्हणून पुष्कळदा बरा टाकणारा तरुण खाली जातो आणि वाईट टाकणारा जुना वर राहतो. ऑप्शन किती उरले ते फॅनग्राफ्सच्या रोस्टर रिसोर्सवर बघावं लागतं. पोरगा ट्रिपल-एमध्ये गेला असेल तर 2023 पासूनची तिथली नोंद सॅव्हंटवरही आहे. तिथे ईआरए बघत बसू नका. वॉक कमी झाले का, तिसऱ्या प्रकारची फेक वाढली का, एवढं बघा.

बारीकसारीक त्रास आहेत. तक्ते रुंद आहेत, फोन आडवा धरल्याशिवाय वाचता येत नाहीत. स्ट्राइक झोनची आकृती बॅटरमागे बसणाऱ्या कॅचरच्या बाजूने असते, ते विसरलं की डावं-उजवं उलटं होतं. व्हिडिओ शोधताना हंगामाचं वर्ष बदलायला विसरू नका.

इथल्या सॉफ्टबॉल प्रशिक्षकांसाठी एक सूचना: सॉफ्टबॉलमध्ये हात खालून फिरतो, त्यामुळे चेंडू सुटण्याच्या या आकृत्या जशाच्या तशा लावू नयेत. बेसबॉल टाकणाऱ्या मुलांसाठी मात्र कल्पना घरीही वापरता येते. फोन पिचरच्या बरोबर मागे, दर वेळी त्याच उंचीवर, तिवईवर लावा, स्लो-मोशनमध्ये 20 फेकी घ्या आणि चेंडू सुटतो ती जागा कागदावर मांडा. फेकी मोजायलाही सॅव्हंटवरूनच शिका, प्रत्येक सामन्याचा आकडा तिथे असतो. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉलच्या पिच स्मार्ट नियमांत 15-16 वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त 95 फेकी आहेत, आणि 76 किंवा जास्त झाल्या की चार दिवस विश्रांती. शनिवारी 80 फेकी टाकलेल्या मुलाला रविवारच्या अंतिम सामन्यात पुन्हा माउंडवर उभा करू नका.